खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीतील कृमी : ओळख आणि आवर

मागच्या गौरी-गणपतीला आम्ही आठ दिवस कुडाळजवळच्या गावी गेलो, तेव्हा ऐरोलीच्या घरातील दोन फुटी मरीन टाकीची जबाबदारी शेजारच्या काकूंनी आनंदाने अंगावर घेतली. दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य घालायचे, एवढेच त्यांना सांगितले होते. परंतु दुसऱ्याच्या घरचे मुके जीव आपल्या हातून उपाशी राहायला नकोत, या मायेपोटी त्यांनी सकाळ-संध्याकाळ आणि एखाद्या दुपारीही डबा उघडला. आम्ही परतलो तेव्हा दोन्ही क्लाउनफिश गुबगुबीत दिसत होते आणि पाणीही वरवर निवळ होते. त्या रात्री टाकीचा दिवा बंद झाल्यानंतर पाणी प्यायला उठलो आणि सहज मोबाइलचा टॉर्च काचेवर मारला, तेव्हा वाळूच्या कडेने आणि दगडाच्या जवळजवळ प्रत्येक भेगेतून गुलाबी-तपकिरी, दोन्ही कडांना पांढरी लव असलेले कृमी अर्धे बाहेर येऊन वाळू चाचपत होते. पंचवीसपर्यंत मोजले आणि पुढे मोजणे सोडून दिले.

अशा रात्री नवखा माणूस पहिल्यांदा औषध शोधतो. मीही शोधले होते. सुदैवाने त्या वेळी ते मिळाले नाही. कारण टाकीतील बहुतेक कृमी हे सफाईचे काम करणारे असतात, त्यांची संख्या उरलेल्या अन्नावर ठरते, आणि ज्या मोजक्या जातींचा खरोखर उपद्रव होतो त्यांच्यावरचे उपाय एकमेकांपेक्षा अगदी वेगळे आहेत. शिवाय छोट्या टाकीत चुकीला जागा फार थोडी असते. ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच टाकीत काठोकाठ ६३ लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात पन्नासच्या आतबाहेर राहते. एवढ्या पाण्यात शंभरभर कृमी एकदम मेले, तर त्यांच्या कुजण्याने होणारा अमोनिया आधी मासे मारतो. म्हणून पुढच्या पायऱ्या सांगितलेल्या क्रमानेच घ्याव्यात.

आधी ओळख

पहिली पायरी फक्त पाहण्याची आहे. दिवा बंद झाल्यावर तास-दीड तासाने टाकीसमोर बसावे. पांढऱ्या उजेडात बरेच कृमी लगेच आत ओढून घेतात, लाल उजेडाला मात्र ते फारसे बिचकत नाहीत. आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन कागद दुहेरी करून टॉर्चवर रबराने बांधला की काम भागते. सोबत एक भिंग आणि वही ठेवावी. कृमीचा रंग कसा आहे याइतकेच तो कोठे दिसला, हेही टिपून ठेवावे. वाळूत, दगडाच्या भेगेत, काचेवर की थेट प्रवाळावर, यावरून निम्मी ओळख पटते.

सर्वांत जास्त दिसणारा पाहुणा म्हणजे काटेरी कृमी, ज्याला दुकानात ब्रिसल वर्म म्हणतात. त्याचे अंग कड्याकड्यांचे असते आणि प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक केसांचा झुपका असतो. हा पॉलिकीट या मोठ्या वर्गातील जीव आहे, ज्यात दहा हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. आपल्याला तो परका वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण ऐरोली-वाशीच्या बाजूला ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलात याच वर्गातील कृमी राहतात, आणि हिवाळ्यात तेथे चोच खुपसत फिरणाऱ्या चिखलपक्ष्यांचे पोट बऱ्याच अंशी त्यांच्यावर भरते. टाकीतील काटेरी कृमी मेलेला मासा, गोगलगायीने सोडलेले अवशेष, दगडामागे अडकलेला खाद्याचा दाणा असे सगळे खातो. मेलेल्या माशावर सकाळी कृमी दिसले, तर त्यांनीच मासा मारला, असा समज होतो. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो.

याच घराण्यातील काही जाती मात्र जपून हाताळाव्या लागतात. जाडजूड, लालसर-नारिंगी अंगाचा, पांढऱ्या केसांचे दाट झुपके असलेला आणि दिवसाउजेडीसुद्धा प्रवाळावर किंवा शिंपल्यावर चढून बसलेला कृमी दिसला, तर तो फायरवर्म असू शकतो. हर्मोडाइस कॅरुन्क्युलाटा ही त्यातली बदनाम जात जिवंत प्रवाळ खाते; ती मूळची अटलांटिक आणि भूमध्य समुद्राची असल्याने आपल्याकडच्या टाकीत तिची गाठ पडण्याचा संभव कमी. दुसरा त्रासदायक प्रकार युनिस जातीचा. त्याच्या अंगावर इंद्रधनुषी झाक असते, डोक्यावर पाच शिंगुळ्या असतात, तोंडात मजबूत जबडे असतात आणि तो दगडातील एकाच भोकातून अर्धा बाहेर येऊन चपळाईने मागे सरतो. याच वंशातील बॉबिट वर्म समुद्रात तीन मीटरपर्यंत वाढतो. वीतभर लांबीचा युनिस छोट्या टाकीत निघाला, तर पूर्ण दगडच बाहेर काढून त्याचा बंदोबस्त करावा लागतो. नुसत्या सापळ्याला तो सहसा बधत नाही.

काचेवर किंवा पंपाच्या तोंडाशी चुन्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पांढऱ्या वेटोळ्या दिसल्या, तर ते स्पायरॉर्बिड. पाण्यातील कण गाळून खाणारे निरुपद्रवी जीव. त्यांना खरवडण्यात वेळ घालवू नये. दगडातून पिसांचा छोटा पंखा उघडतो आणि सावली पडताच मिटतो, तो फेदर डस्टर असतो आणि तो ठेवण्यासाठी लोक पैसे मोजतात. वाळूवर शेवयांसारखे पांढरे धागे पसरलेले दिसतात आणि हळूच आत ओढले जातात, ते स्पॅगेटी वर्मचे. काचेवर टिंबांएवढे पांढरे जीव उड्या मारत धावत असतील, तर ते कृमी नसून कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले सूक्ष्म कवचधारी जीव, आहेत आणि माशांचे उत्तम खाद्य आहेत. काचेवर दोऱ्याच्या तुकड्यासारखे वळवळणारे पांढरे सूत्रकृमी मात्र खाद्य जास्त पडत असल्याची चिठ्ठी समजावी.

एका जिवाबाबत गोंधळ हमखास होतो. दगडावर घट्ट चिकटलेली, वर उचललेली, टणक नळी आणि तिच्या तोंडातून सुटलेले कोळिष्टकासारखे चिकट धागे दिसले, तर तो कृमी नसून व्हर्मेटिड नावाची गोगलगाय आहे. तिचे धागे शेजारच्या प्रवाळावर पडले की ते मिटून राहते. नळी चिमट्याने मुळाशी फोडावी, किंवा तिच्या तोंडावर सायनोॲक्रिलेटच्या जेलचा, म्हणजे ज्याला आपण सरसकट फेविक्विक म्हणतो त्या जातीच्या गोंदाचा, थेंब ठेवून ते बुजवावे.

राहिला लाल चपटा कृमी. गंजाच्या रंगाचे, दोन ते पाच मिलिमीटरचे, कागदाच्या कपच्यासारखे पातळ आणि मागच्या टोकाला तीन छोट्या पाकळ्या असलेले हे जीव भर उजेडात, दिव्याकडे तोंड असलेल्या दगडावर आणि वाळूवर पसरतात. दुकानदार त्यांना रेड प्लॅनेरिया म्हणतात. शास्त्रीय नाव कन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेमा असून ते खऱ्या प्लॅनेरियांपैकी नव्हेत. त्यांच्या अंगात शैवाल राहते, म्हणून त्यांना उजेड हवा असतो, आणि अंगावरच नवे पिल्लू फुटून वेगळे होत असल्याने एकाचे शंभर व्हायला फार दिवस लागत नाहीत. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

अन्नाचा हिशेब

काटेरी कृमी आणि सूत्रकृमी, या दोघांसाठी खरा उपाय हाच आहे, आणि तो कंटाळवाणा असल्यामुळेच लोक तो टाळतात. दोन छोट्या माशांना दिवसातून एकदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य पुरते. गोठवलेल्या मायसिसची, म्हणजे माशांसाठी विकल्या जाणाऱ्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची, पूर्ण वडी त्यांना फार होते. वडीचा पाव भाग वाटीत टाकीच्या पाण्यात विरघळवावा, बारीक चहाच्या गाळणीत ओतून वरचे पाणी टाकून द्यावे आणि गाळणीत उरलेले तेवढे मोठ्या ड्रॉपरने माशांच्या तोंडासमोर सोडावे. वडीतले पाणी तसेच टाकीत गेले, तर फॉस्फेट वाढते आणि ते शेवाळाला आणि पर्यायाने कृमींना पोसते. खाद्य सोडताना पाच मिनिटे पंप बंद ठेवावा, म्हणजे दाणे दगडामागे वाहून जात नाहीत. मात्र तो पुन्हा चालू करायचे विसरू नये, यासाठी मोबाइलवर गजर लावणे शहाणपणाचे.

दुसरे काम साचलेला गाळ काढण्याचे. आठवड्याला पाणी बदलताना दगडांच्या मागे आणि भेगांत ड्रॉपरने जोरात पाणी मारावे, उडालेला गाळ एक-दोन मिनिटे तरंगू द्यावा आणि पाइपने ओढून घ्यावा. वाळू साफ करताना एका वेळी चौथाई भागच घ्यावा, आणि थर जाड असेल तर खालपर्यंत ढवळू नये, कारण जुन्या जाड थराच्या तळाशी विषारी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. आठवड्याला दहा टक्के पाणी, म्हणजे पन्नास लिटरच्या टाकीत पाच लिटर, बदलले तरी पहिले दोन महिने पुरेसे होते. पाणी बदलण्याच्या दिवशी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजावे. नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली आले, की कृमींची रात्रीची गर्दी विरळ होऊ लागल्याचे माझ्या वहीत दिसते.

पाण्याबद्दल एक गोष्ट आपल्या भागापुरती सांगायला हवी. नवी मुंबईला येणारे मोरबे धरणाचे पाणी पिण्यासाठी चांगले असले, तरी नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे मीठ मिसळण्यासाठी ते तसेच वापरू नये. घरातील पिण्याच्या आरओ यंत्रात अनेकदा चवीसाठी क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात. त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून पाहावे आणि आकडा शून्याच्या जवळ येईल अशी वेगळी सोय करावी. मीठ मिसळलेले पाणी चोवीस तास फिरवत ठेवून मगच वापरावे, त्याचे तापमान २५-२६ अंश आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचे माप, १.०२५ असावे. एप्रिल-मेमध्ये हवेच्या तापाने पाणी तीस अंशांच्या पुढे गेले, तर त्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी उगाच कृमींशी झुंज सुरू करू नये, आधी पंखा किंवा चिलर लावून पाणी थंड करावे. बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरताना गोडे आरओ पाणीच घालायचे असते, खारे नव्हे.

काकूंचा प्रश्न मी आता वेगळ्या रीतीने सोडवला आहे. औषधाच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा मिळतो, त्यात वारानुसार खाद्य भरून फ्रीजमध्ये ठेवतो आणि मोठा डबा कपाटात बंद करतो. एवढ्याशा दाण्यावर जीव कसा जगतो, असे त्या दर वेळी विचारतात.

सापळा आणि हातांची काळजी

अन्न कमी केल्यावर कृमी उपाशी होतात आणि त्या आठवड्यातच सापळ्याला चांगले फळ येते. भरल्या पोटी ते आमिषाकडे फिरकत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नये. सापळा घरीच होतो. झाकणाची छोटी प्लास्टिकची बाटली घ्यावी, तिच्या बाजूला स्ट्रॉ घट्ट बसेल असे एक-दोन भोक पाडावे आणि स्ट्रॉचा तुकडा असा बसवावा की त्याचे बाहेरचे टोक वाळूला टेकेल आणि आतले टोक बाटलीच्या मधोमध अधांतरी उघडेल. कृमी वासाने स्ट्रॉमधून आत उतरतो, परंतु परतताना बाटलीच्या भिंतीलगत फिरत राहतो आणि मधले तोंड त्याला सापडत नाही. आमिष म्हणून बाजारातील ताज्या कोलंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो; मीठ-हळद लावलेली कोलंबी वापरू नये. बाटली तळाशी राहावी म्हणून तिच्यात काचेच्या गोट्या घालाव्यात, खिळे किंवा नाणी कधीही नव्हेत, कारण तांब्याचा अंशसुद्धा गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ यांना घातक असतो.

दिवा बंद झाल्यावर सापळा दगडाच्या पायथ्याशी ठेवावा आणि दोन-तीन तासांनी काढावाच. रात्रभर ठेवला, तर आमिष कुजते आणि आपण ज्याला आवर घालायला निघालो त्यालाच मेजवानी देतो. बाटली जमत नसेल, तर नायलॉनच्या जुन्या पायमोज्याच्या तुकड्यात कोलंबी बांधून ठेवावी; कृमींचे केस जाळीत गुंततात आणि गाठोडे उचलले की तेही सोबत येतात. माझ्या टाकीत पहिल्या रात्री अकरा मिळाले, तिसऱ्या रात्री चौदा, आणि मग हळूहळू उतरत सहाव्या आठवड्यात एकही नाही किंवा एखादाच. त्यानंतर मी सापळा मुद्दाम बंद केला. काही कृमी टाकीत असलेलेच बरे.

दोन चुका येथे सर्रास होतात. पहिली म्हणजे भेगेतून अर्धा बाहेर आलेला कृमी चिमट्याने ओढून तोडणे किंवा कात्रीने कापणे. युरिथो कॉम्प्लानाटा ही टाकीत नेहमी आढळणारी जात तुकड्यांपासून पुन्हा पूर्ण वाढते; तिच्यात तुकडे होणे ही प्रजननाचीच एक रीत आहे. आपण एकाचे दोन करतो आणि एक मारल्याच्या समाधानात झोपतो. चिमटा लावायचाच असेल, तर कृमी पूर्ण बाहेर आल्यावर, अंगाच्या मध्यावर हलकेच धरून, झटका न देता उचलावा.

दुसरी चूक उघड्या हाताची. कृमीच्या कडेची ती मऊ दिसणारी लव प्रत्यक्षात चुनखडीच्या पोकळ, ठिसूळ काट्यांची असते. बोट लागताच काटे त्वचेत शिरून तुटतात आणि जळजळ, खाज, सूज सुरू होते. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यात एकदा ते गेले, तेव्हा उजेडात तिरपे धरल्यावर काचेच्या लोकरीसारखे चमकत होते आणि पुढे दोन दिवस मोबाइलच्या पडद्याला अंगठा लावणेही नकोसे झाले. अशा वेळी बोट चोळू नये. आधी चिकटपट्टी दाबून सरळ वर उचलावी, असे चार-पाच वेळा करावे, उरलेले काटे भिंगाखाली चिमट्याने काढावेत, मग साबणाने हात धुवावा. व्हिनेगरमध्ये बोट बुडवल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. सूज वर चढू लागली किंवा श्वासाला त्रास वाटला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. दगड हलवताना जाड रबरी हातमोजे घालण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी.

लाल चपट्या कृमींसाठी

येथे खाद्य कमी करून फारसे साधत नाही, कारण त्यांच्या अंगातले शैवाल उजेडावर चालते. दिव्याचे तास आठांवर आणणे आणि दगडावर पाण्याचा प्रवाह वाढवणे याने वेग मंदावतो, संपत मात्र नाहीत. त्यांच्या अंगात विष असते आणि ते मोठ्या संख्येने एकदम मेले की पाण्यात उतरून माशांचा जीव घेऊ शकते. टाकी लालभडक झालेली असताना थेट औषध ओतणे, हा नवख्यांच्या हातून होणारा सर्वांत महागडा प्रकार आहे.

म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस ओढून काढण्यात घालवावेत. हवेच्या पंपाची पातळ नळी एका टोकाला कडक स्ट्रॉ जोडून सायफनसारखी वापरावी, दुसरे टोक बादलीवर ताणलेल्या दाट कापडात सोडावे. कृमी कापडावर राहतात, गाळलेले पाणी परत वापरता येते. हे काम दुपारी करावे, तेव्हा ते दिव्याखाली येऊन पसरलेले असतात. रोज वीस मिनिटे दिली, तर आठवड्यात नजरेला फरक दिसतो.

उरलेल्यांसाठी चपट्या कृमींची तयार औषधे मिळतात. लेव्हामिसोल हे गुरे-शेळ्यांच्या जंतांवरचे औषधही हौशी मंडळी यासाठी वापरतात. मी नवख्या माणसाला मत्स्यालयासाठी बनवलेले, मात्रा स्पष्ट लिहिलेले औषधच घ्यायला सांगेन. वापरण्याआधी पुढची तयारी हाताशी हवी : निम्मी टाकी बदलता येईल एवढे तयार खारे पाणी, धुऊन ठेवलेला नवा सक्रिय कोळसा, जास्तीचा हवेचा पंप आणि सुट्टीचा पूर्ण दिवस. ज्या दिवशी वीज जाण्याची सूचना आली असेल, तो दिवस टाळावा. प्रत्यक्ष पाणी किती आहे हे टाकीवर छापलेल्या आकड्यावरून न ठरवता दगड-वाळू वजा करून ठरवावे. सकाळी फिल्टरमधला जुना कोळसा काढून मात्रा द्यावी, कृमी सुटून तरंगू लागले की ते जसे दिसतील तसे ओढून घ्यावेत, आणि पाकिटावर सांगितलेली वेळ होताच नवा कोळसा लावून निम्मे पाणी बदलावे. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर वेळेची वाट न पाहता हेच लगेच करावे. आठवड्याने सगळे पुन्हा एकदा करावे लागते, कारण भेगांतले काही हमखास वाचतात.

कृमी खाणारे मासे

दुकानात गेल्यावर सर्वांत आधी हाच सल्ला मिळतो, आणि तो सर्वांत घाईने दिला जातो. सिक्स-लाइन रॅस हा सहा निळ्या रेघांचा बोटभर मासा छोटे काटेरी आणि चपटे कृमी टिपतो खरा, परंतु दोन फुटी टाकीत तो काही महिन्यांत मालकासारखा वागू लागतो आणि नंतर आणलेल्या शांत माशांना जगू देत नाही. पिवळा कोरिस रॅस स्वभावाने बरा, पण तो साधारण १२ सेंटीमीटर वाढतो, त्याला झोपायला वाळूचा थर आणि पोहायला मोठी टाकी लागते. कोरल बँडेड कोळंबी रात्री कृमी पकडते, तशी ती आजारी किंवा झोपलेला छोटा मासाही पकडते. चपटे कृमी खाणारी निळी मखमली चेलिडोन्युरा ही समुद्री गोगलगाय दिसायला देखणी असली, तरी तिला दुसरे काही खाता येत नाही; कृमी संपले की ती उपाशी मरते. जो मासा कृमी नसतानाही आपल्याला ठेवावासा वाटेल आणि आपल्या टाकीत मावेल, तोच आणावा.

काय मुळीच घालू नये

तांब्याचे औषध, झुरळ-मुंगीवरचे फवारे आणि घरातली जंतांची गोळी, या तिन्हींना टाकीत जागा नाही. तांबे दगडात मुरते आणि पुढे कित्येक महिने झिरपत राहते. फेनबेंडाझोल हे जनावरांच्या जंतांवरचे औषध काटेरी कृमींना मारते हे खरे, परंतु फेदर डस्टर आणि काही गोगलगायी व मऊ प्रवाळ यांनाही सोडत नाही, आणि दगडाच्या पोटात मेलेले शेकडो कृमी बाहेर काढण्याचा कोणताच मार्ग आपल्यापाशी नसतो. त्याचप्रमाणे कृमी मारण्यासाठी जिवंत दगड, म्हणजे बारीक जीव वसलेला समुद्री दगड, गॅसवर उकळण्याचा विचार चुकूनही करू नये. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे मऊ प्रवाळ असले, तर त्यातील पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेसोबत घरभर पसरते, आणि अशा प्रकारांत अख्खी कुटुंबे रुग्णालयात गेली आहेत. वन-बीएचकेच्या स्वयंपाकघरात तर हा प्रयोग जिवाशी खेळ ठरेल.

दारातच अडवणे

कृमी आकाशातून पडत नाहीत. ते दगड, वाळू आणि प्रवाळाच्या फ्रॅगवरून, म्हणजे वाढवण्यासाठी तोडलेल्या तुकड्यावरून, येतात. नवी टाकी लावणाऱ्याने कोरडा दगड घेतला, तर निम्मी कटकट सुरू होण्याआधीच टळते, मात्र टाकी पक्व व्हायला काही आठवडे अधिक लागतात. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दगड उचलून आणण्याचा मोह काहींना होतो. कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, त्यामुळे प्रवाळ असलेला दगड उचलणे गुन्हा ठरते. कायदा बाजूला ठेवला, तरी त्या दगडासोबत काय-काय घरी येईल याचा नेम नसतो.

कुर्ल्याच्या बाजारातून किंवा ओळखीच्या हौशी माणसाकडून फ्रॅग आणला, की तो थेट मुख्य टाकीत ठेवू नये. दहा-पंधरा लिटरची साधी टाकी, छोटा पंप आणि दिवा एवढ्यावर वेगळा वॉर्ड उभा राहतो. फ्रॅग ज्या बुंध्यावर चिकटवलेला असतो, तो शक्यतो काढून टाकावा, कारण अंडी आणि पिल्ले त्याच्या खालच्या अंगाला दडलेली असतात. मग एका भांड्यात टाकीचे पाणी आणि कोरल डिपचे, म्हणजे प्रवाळ बुडवून धुण्याचे, औषध सांगितलेल्या प्रमाणात घेऊन फ्रॅग पाच-दहा मिनिटे ठेवावा, ड्रॉपरने त्यावर सतत पाणी मारावे, दुसऱ्या भांड्यात धुवावा आणि पहिल्या भांड्यातले पाणी फेकून द्यावे. पांढऱ्या भांड्यात हे केले, तर तळाशी काय पडले ते स्पष्ट दिसते. मी यासाठी दह्याचा जुना डबा वापरतो. डिपने अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा तेच करावे, आणि महिना उलटल्यावरच फ्रॅग आत जाऊ द्यावा.

ज्या दगडावर प्रवाळ नाही आणि त्यात युनिससारखा हट्टी कृमी बसला आहे, तो बादलीत विशिष्ट गुरुत्व १.०४० च्या आसपास वाढवलेल्या खाऱ्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून हलवला, तर बहुतेक कृमी भोक सोडून बाहेर येतात. तरीही आला नाही, तर त्याचे भोक गोंदाच्या जेलने बुजवण्यापेक्षा तो दगड काही दिवस वेगळ्या बादलीत पंप लावून ठेवणे आणि रात्री आमिष दाखवत राहणे अधिक बरे, कारण आत मेलेला मोठा कृमी कुजून त्रास देतो.

पकडलेल्यांचे काय करावे

पकडलेले कृमी, काढलेला दगड, नको झालेली गोगलगाय यांपैकी काहीही खाडीत किंवा मासुंदा तलावासारख्या पाण्यात सोडू नये. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. लांबच्या समुद्रातून आलेला जीव तेथे जाऊन काय करील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. कृमी झाकणाच्या डबीत घालून एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि सकाळी ओल्या कचऱ्यात टाकावेत. डबीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. आमच्या घरी ती एकदा ओल्या नारळाच्या डब्याशेजारी बिननावाची सापडली होती, आणि तेव्हापासून फ्रीझरचा खालचा कप्पा माझ्याकडून काढून घेण्यात आला आहे.